अ‍ॅनिमेशन: 'टूडी की थ्रीडी' हा प्रश्नच चुकीचा आहे का?

निमिष

अ‍ॅनिमेशनवर लिहिलेलं काहीही उघडलं की तेच तीन कप्पे समोर येतात: टूडी, थ्रीडी आणि स्टॉप मोशन. माझ्या मते, काम करायला बसणाऱ्याला या विभागणीचा काडीचाही उपयोग नाही. लोटे रायनिगरच्या १९२६च्या 'प्रिन्स अखमद'मधल्या कागदी सावल्या आणि 'स्नो व्हाइट'मधली सेलवरची (पारदर्शक फिल्मवरची) चित्रं दोन्ही 'टूडी'तच मोडतात, पण करणाऱ्याच्या हातांना त्यांत काहीच समान लागत नाही.

त्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: पुढची फ्रेम करताना आधीची फ्रेम शिल्लक राहते की नष्ट होते? कागदावरचं चित्र शिल्लक राहतं. काचेवरचा ओला रंग, वाळू, माती यांत पुढची फ्रेम म्हणजे आधीच्या फ्रेमचा नाश. चूक कशी सुधारायची, आखणी किती करायची, कुठली गोष्ट त्यात शोभेल, हे सगळं यावरून ठरतं. शैली त्यानंतर येते.

आता नेमका प्रश्न. दीड मिनिटाचा, संवाद नसलेला लघुपट करायचा आहे. फांदीवर बसलेल्या पक्ष्याचं हळूहळू झाड होतं आणि शेवटी त्या झाडातून दुसरा पक्षी उडतो. माणसं दोन, कॅमेरा एक. कुठलं तंत्र घ्याल, आणि का?

चोवीस_चौकटी

आधी हिशोब मांडू. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ९० सेकंदांच्या २१६० होतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं, म्हणजे टूजवर काम केलं, तर १०८० चित्रं किंवा १०८० क्लिक. थ्रीजवर ७२०. पक्षी उडतानाचे दोन-तीन सेकंद वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र, करावे लागतील, कारण पंख झपाट्याने हलतात आणि टूजवर मधली स्थिती गळून जाते. बाकी सगळं टूजवर निभतं. तंत्र कुठलंही घ्या, हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

बिंदुरेषा

विभागणी आवडली. वाचनखूण साठवली.

सावलीकार

विभागणी पटली, पण कट-आउट (कापलेले कागदी तुकडे सरकवत केलेलं काम) यात कुठे बसवणार? बाहुली तीच राहते, तिची ठेवण मात्र जाते. हात दोन मिलिमीटर सरकवला की आधीची जागा गेली. तरीही तो हात पुन्हा तिथे नेता येतो, कारण आकार बदललेला नसतो. त्यामुळे कट-आउट मधेच कुठेतरी पडतं.

दोन माणसांसाठी मी कट-आउटच सुचवेन. काही गोष्टी मात्र सुरुवातीलाच नीट केल्या नाहीत तर पुढे रडवतात.

कागद २०० ते २५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) घ्या. पातळ कागदाच्या कडा दिव्याच्या उष्णतेने वर वळतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी सावली पडते. कापल्यावर कागदाची पांढरी कड दिसते, ती त्याच रंगाने रंगवून घ्या. हे राहून गेलं तर पात्राभोवती पांढरी रेघ लुकलुकत राहते.

सांध्यात दोन्ही तुकड्यांची टोकं समान त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळात कापायची आणि फिरण्याचा बिंदू बरोबर केंद्रात घ्यायचा. केंद्र जरासं जरी सरकलं तरी कोपर वाकवताना एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसतं. सांधा बारीक तारेच्या वेढ्याने किंवा मागून चिकटवलेल्या दोऱ्याने करा. रायनिगरने काळ्या पुठ्ठ्याला शिशाचा पातळ पत्रा जोडला होता, तो वजनासाठी: पुतळा काचेवर सपाट बसतो आणि स्पर्शाशिवाय हलत नाही. शिसं विषारी आहे, म्हणून आज त्याऐवजी पाठीमागे स्टीलच्या पत्र्याचे छोटे तुकडे चिकटवा.

तुमच्या गोष्टीत एक अडचण आहे. कट-आउटला रूपांतर जमत नाही. पंखाची फांदी होताना मधले सगळे आकार वेगळे कापावे लागतील. एका पंखाला दहा-बारा तुकडे तरी लागतील आणि ते एकामागून एक बदलावे लागतील.

वाळूचा_कण

शेवटचा परिच्छेद सावलीकारांनी स्वतःच लिहिला हे बरं झालं. :) निमिष, तुमची गोष्ट वाळूची किंवा काचेवरच्या रंगाची आहे. रूपांतर हा त्या दोन माध्यमांचा स्वभाव आहे. कॅरोलाइन लीफच्या १९७४च्या 'द आउल हू मॅरीड अ गूस'मध्ये कट जवळजवळ लागतच नाहीत, एक आकार दुसऱ्यात विरघळत जातो. वाळूत कडा बोटाने ढकलली की आकार बदलला, नवं काही कापायचं नाही.

मांडणी अशी: सपाट काच, तिच्याखाली पंधरा-वीस सेंटिमीटरवर दुधी अ‍ॅक्रिलिक, त्याखाली एलईडी पॅनेल. अ‍ॅक्रिलिक काचेला चिकटवू नका, अंतर ठेवलं नाही तर एलईडीचे ठिपके दिसतात. साध्या बल्बने काच तापते, तासाभरात हात ठेववत नाही. कॅमेरा बरोबर वर, काटकोनात. कॅमेऱ्याचा स्टँड आणि काचेचं टेबल एकमेकांना घट्ट बांधा. ते सुटे असतील तर टेबलाला कोपर लागलं की संपूर्ण चित्र सरकतं, आणि वाळू जशीच्या तशी परत आणता येत नाही.

वाळू बारीक आणि गडद हवी. धुवून, पूर्ण सुकवून बारीक जाळीतून चाळा. मीठ किंवा साखर वापरायचा मोह टाळा: कण अर्धपारदर्शक असतात, काळा रंग मिळतच नाही, आणि ओलावा शोषला की गुठळ्या होतात. वाळूचा थर जाड तिथे काळं, पातळ तिथे करडं, मोकळी काच म्हणजे पांढरं. करडी छटा हे या माध्यमाचं खरं वैभव आहे, आणि ती साधणंच सगळ्यात अवघड. चिमटीतून उंचावरून भुरभुरली तर समान थर पडतो. ब्रशने ओढली तर रेघोट्या उमटतात. पिसांसाठी त्या रेघोट्याच हव्या असतात.

बिघडतं कुठे? घाम आलेल्या बोटांना कण चिकटतात आणि दुसरीकडे पडतात. पंखा चालू राहतो. काचेवर स्थिर वीज साचते आणि पुसलेल्या जागी बारीक कण उडून बसतात, त्यासाठी काम सुरू करण्याआधी काच किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी. आणि शिंक. शिंकेवर उपाय नाही.

मृण्मय

वाळूला पर्याय म्हणून काचेवर प्लॅस्टिसीनचाही विचार करा. ईशू पटेल यांनी 'आफ्टरलाइफ' (१९७८) असंच केलं: मागून उजेड, काचेवर प्लॅस्टिसीनचा पातळ थर, थराच्या जाडीवर रंगाची छटा. वाळूपेक्षा मोठा फायदा म्हणजे शिंकलं तरी चालतं. रंगही मिळतो. कडा मात्र वाळूइतक्या झरझर सरकत नाहीत, खरवडाव्या लागतात. आणि काच तापली की थर मऊ होऊन बोटाबरोबर उचलला जातो, तेव्हा खालचा दिवा एलईडीच हवा.

पेन्सिलटोक

निमिष, तुमच्या विभागणीला माझा अर्धा विरोध आहे. 'शिल्लक राहणं' ही गोष्ट माध्यमापेक्षा पद्धतीवर अवलंबून आहे. कागदावरही पहिल्या चित्रापासून सरळ पुढे काढत गेलं की तुम्ही वाळूवाल्यासारखेच अडकता. पात्राचा आकार हळूहळू वाढत जातो, पाय जमिनीत रुततात, आणि बाराव्या चित्रात पात्र जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही. म्हणून आधी मुख्य स्थिती (की पोझ) काढायच्या, मग हालचालीच्या टोकाच्या, आणि शेवटी मधली चित्रं, म्हणजे इन-बिट्वीन. कागदाचा फायदा असा की दोन्ही पद्धती मिसळता येतात. शरीर की पोझवरून करायचं. केस, शेपूट, ज्वाळा सरळ पुढे काढत जायच्या. वाळूत ही सोय नाही.

रूपांतर हातचित्रातही उत्तम जमतं. एमिल कोलचा 'फँटास्मागोरी' १९०८चा. सुमारे ७०० चित्रांचा तो लघुपट म्हणजे एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं अशी रूपांतरांची साखळीच आहे. काळ्यावर पांढऱ्या रेघा दिसतात, कारण पांढऱ्यावर काळ्याने काढलेली चित्रं निगेटिव्हमध्ये छापली होती.

रूपांतर काढताना एक पथ्य पाळा. सगळी बाह्यरेषा एकदम बदलू नका. एक भाग स्थिर ठेवा, उदाहरणार्थ डोळा. पाय मुळं होताना डोळा आहे तिथेच आहे, पंख फांद्या होतानाही तिथेच आहे, आणि सगळ्यात शेवटी डोळ्याची ढोली होते. पाहणाऱ्याची नजर धरून ठेवायला काही उरलं नाही तर चार सेकंदांचं, ४८ चित्रांचं कष्टाचं रूपांतर नुसती गिचमिड वाटतं.

वाळूचा_कण

@पेन्सिलटोक, डोळ्याची ढोली ही सूचना फारच सुंदर आहे. वाळूतही ती चालेल: डोळा म्हणजे मोकळ्या काचेचा ठिपका, त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

अर्धविराम

अवांतर: जुन्या सेलवरच्या चित्रपटांत कुठली वस्तू आता हलणार आहे ते आधीच कळतं, कारण तिचा रंग पार्श्वभूमीपेक्षा वेगळा, सपाट दिसतो. हे टाळता येत नव्हतं का?

पेन्सिलटोक

थोडंफार टाळता यायचं, पूर्ण नाही. पार्श्वभूमी कागदावर जलरंगात किंवा गुआशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) रंगवलेली, छटांसकट. हलणारी वस्तू सेलवर, म्हणजे पारदर्शक अ‍ॅसिटेटवर: पुढच्या बाजूला रेघ, मागच्या बाजूने सपाट रंग. एकाच वस्तूच्या पन्नास चित्रांत जलरंगाची तीच छटा पन्नास वेळा आणणं अशक्य, म्हणून सपाट रंग.

त्यात आणखी एक भर असायची. सेल पूर्ण पारदर्शक नसतो. प्रत्येक थर खालच्या रंगाला किंचित मळकट करतो. एका शॉटमध्ये चार थर असतील आणि मधेच एक पात्र बाहेर गेल्यामुळे तीन उरले, तर त्या क्षणी सगळ्या चित्राचा उजळपणा बदलतो. म्हणून पात्र गेलं तरी त्याच्या जागी कोरा सेल ठेवून थरांची संख्या कायम राखत. खालच्या थरातल्या पात्राला तोच रंग दिसावा म्हणून तो मुळातच थोडा उजळ मिसळून घेत. त्यामुळे एकाच कोटाच्या निळ्याच्या दोन-तीन बाटल्या असत, थरानुसार.

सेलवरची रेघ कशी दिसते हेही तंत्रानेच ठरवलं. 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स' (१९६१) पासून डिस्नेने पेन्सिलची चित्रं झेरॉक्सने थेट सेलवर उतरवायला घेतली. आधी शाईकाम करणाऱ्या बायका हाताने रेघ गिरवत, ती गुळगुळीत आणि रंगीत असे. झेरॉक्सची रेघ काळी, खरबरीत, पेन्सिलीचा जोर दाखवणारी. त्या काळातल्या चित्रपटांची सगळी दृश्यशैली त्या रेघेवर उभी राहिली. म्हणून निमिष म्हणतात ते खरं आहे: शैली तंत्रामागून येते.

बहुभुज

शैली तंत्रामागून येते हे संगणकावर उलटं होतं. तिथे साधन एकच आणि शैली हवी तितक्या. 'टॉय स्टोरी'त (१९९५) प्लॅस्टिकची खेळणी आली, कारण त्या काळी प्लॅस्टिकच चांगलं रेंडर होत होतं, म्हणजे संगणकाने काढलेल्या चित्रात खरं दिसत होतं. तिथवर तुमचं बरोबर. पण 'स्पायडर-व्हर्स'ने (२०१८) मुद्दाम संगणकाच्या सवयी मोडल्या. मोशन ब्लर (हलत्या वस्तूचा धूसरपणा) काढून टाकला, छटांच्या जागी छापील ठिपके आणि रेघा आणल्या, हालचाल बऱ्याच ठिकाणी टूजवर ठेवली. जंगलातल्या दृश्यात नवशिक्या माइल्स टूजवर आणि सराईत पीटर वन्सवर हलतो. कोण अडखळतंय हे फ्रेमच्या गणितातून कळतं.

थ्रीडीत टूज म्हणजे एकाआड एक फ्रेम टाकून द्यायची, इतकं सोपं समजू नका. तीन ठिकाणी फसतं.

पहिलं म्हणजे कॅमेरा. कॅमेरा वन्सवर सरकतोय आणि पात्र टूजवर चालतंय, तर पात्र पडद्यावर पुढेमागे थरथरतं: एका फ्रेमला कॅमेरा हलला, पात्र नाही, पुढच्या फ्रेमला दोन्ही हलले. उपाय असा की हातापायांची ठेवण टूजवर धरायची, पण पात्राची जागा कॅमेऱ्याबरोबर वन्सवर सरकवायची. पाय जमिनीवर टेकलेला दिसत असेल तर तेवढा भाग सरळ वन्सवरच करावा, कारण जागा सरकवली की टेकलेला पाय घसरतो. हातचित्रांतही पॅन शॉटला हाच नियम आहे.

दुसरं, कापड आणि केस. सिम्युलेशनला, म्हणजे कापड कसं हलेल हे संगणकाने मोजण्याला, सलग हालचाल लागते. टूजची झटकेबाज हालचाल दिली की कापड प्रत्येक झटक्याला स्फोट झाल्यासारखं उडतं. म्हणून आधी गुळगुळीत हालचालीवर सिम्युलेशन चालवून साठवायचं आणि मग पात्र आणि कापड दोन्ही एकाच फ्रेमवर धरायचे.

तिसरं, इन-बिट्वीन. दोन की पोझच्या बरोबर मधली ठेवण संगणक काढून देतो, ती बहुतेक वेळा मेलेली असते. हात कमानीतून जायच्या ऐवजी सरळ रेषेत जातो, मनगट मागे रेंगाळत नाही. आधी सगळ्या की स्टेप्डवर (एका पोझवरून थेट दुसरीवर उडी) ठेवून वेळ पक्की करा, मधल्या पोझ स्वतः घाला, मगच वक्र (संगणकाने मधलं भरणं) चालू करा.

तारकाम

संगणकाचं झालं, आता बाहुल्यांकडे या. निमिषच्या गोष्टीत शेवटी जो दुसरा पक्षी उडतो, तो बाहुली म्हणून करणं अवघड आहे हे आधीच सांगतो. हवेतली बाहुली टांगावी लागते किंवा मागून दांडी द्यावी लागते, आणि ती दांडी नंतर प्रत्येक फ्रेममधून पुसावी लागते. त्यासाठी आधी रिकाम्या सेटचा एक स्वच्छ फोटो घेऊन ठेवा. दिवे किंचितही बदलले तर तो फोटो वाया जातो.

बाहुलीच करायची असेल तर सांगाडा दीड मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा, तीन पदर एकत्र पिळून. पीळ सैल ठेवा, घट्ट पिळली की तार आधीच कडक होते. अ‍ॅल्युमिनियम वाकवलं की तिथेच कडक होत जातं आणि एक दिवस तुटतं. तो दिवस नेहमी शॉटच्या मध्यावर येतो, म्हणून मुख्य बाहुलीचे दोन सांगाडे करा. हाडांच्या जागी इपॉक्सी पुट्टी लावा म्हणजे वाकणं सांध्यातच होईल, पण सांध्याला निदान एक सेंटिमीटर तार मोकळी ठेवा. अर्धाच ठेवला तर सगळा ताण एका बिंदूवर येतो. पायात एम-३चा नट, सेटला खालून भोक, बोल्टने आवळायचं. वापरून झालेली भोकं त्याच रंगाच्या मातीने बुजवायची.

चेहऱ्याचा प्रश्न वेगळा. १९९३च्या 'नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'मध्ये जॅकची शेकडो वेगवेगळी डोकी बदलत गेले. 'कोरालाइन' (२००९) मध्ये चेहरे थ्रीडी प्रिंटरवर छापले, भुवयांचा भाग आणि तोंडाचा भाग वेगळा. त्यामुळे थोड्या तुकड्यांतून पुष्कळ भाव मिळाले. दोन भागांमधली फट मात्र नंतर प्रत्येक फ्रेममधून पुसावी लागली.

बिंदुरेषा

बदलत्या डोक्यांवरून आठवलं, आपल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१५चा 'आगकाड्यांची मौज' हा काडेपेटीतल्या काड्यांचा स्टॉप मोशन होता. बाहुली नाही, सांधा नाही, नुसत्या सरळ काड्या. स्टॉप मोशनला किती कमी साहित्य पुरतं!

रोजचा_वाचक

कॅमेऱ्याबद्दल कुणीतरी लिहा. फोटो सगळे एकाच सेटिंगवर काढले तरी चित्र लुकलुकतं, असं फार ठिकाणी दिसतं. का?

तारकाम

तीन वेगळी कारणं असतात आणि ती ओळखता येतात.

चित्र बारीक, अनियमित लुकलुकत असेल तर दोष लेन्सचा. डिजिटल लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) प्रत्येक फोटोला पूर्ण उघडतं आणि पुन्हा मिटतं, आणि मिटताना दर वेळी अगदी त्याच जागी येत नाही. हाताने अ‍ॅपर्चर फिरवायची जुनी लेन्स अडॅप्टर लावून बसवा, प्रश्न मुळातूनच संपतो. तशी लेन्स मिळत नसेल तर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, पण मग खोलीतला फोकस उथळ होतो.

एकाच दिव्याच्या बाजूला लुकलुक असेल तर वीज. अशा वेळी शटर लांब ठेवा, अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त, म्हणजे विजेचे चढउतार त्यात मिसळून जातात. स्टॉप मोशनमध्ये बाहुली स्थिरच असते, त्यामुळे लांब शटरने काही बिघडत नाही.

आणि मधूनच एखादी फ्रेम उजळ किंवा गडद, तर तो दोष तुमचा. पांढरा सदरा घालून सेटच्या एका बाजूला उभं राहून क्लिक केलं की उजेड परावर्तित होतो. गडद कपडे घाला आणि प्रत्येक क्लिकला त्याच जागी उभे राहा. फोकस, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल हे तर आलंच. खिडकी झाका: ढग सरकल्याचंही फ्रेममध्ये दिसतं.

सावलीकार

यात भर: कट-आउटवर वरून काच दाबत असाल तर काचेत कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब पडतं. काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून तो लेन्सभोवती लावा. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर ठेवा. तरी चमक राहिली तर दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर, एकमेकांना आडवे.

अर्धविराम

एक विचारायचं राहिलं. रोटोस्कोप (चित्रीकरणावरून गिरवलेली चित्रं) 'नष्ट' की 'शिल्लक'? आणि ते अ‍ॅनिमेशन मानायचं का? 'वॉल्ट्झ विथ बशीर'सारखं नुसतं गिरवलेलं असेल तर ती फसवणूक वाटते.

पेन्सिलटोक

@अर्धविराम, 'वॉल्ट्झ विथ बशीर' (२००८) गिरवलेला नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. आधी चित्रीकरण झालं, पण ते संदर्भ म्हणून. त्यावरून स्टोरीबोर्ड काढले आणि पात्रं नव्याने काढून, तुकडे पाडून, बहुतांश फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये कट-आउटसारखी हलवली. म्हणूनच त्यात चालणं थोडं जड, तरंगतं वाटतं. गिरवलेलं असतं तर ते उलट अति सहज वाटलं असतं.

खरं रोटोस्कोप म्हणजे मॅक्स फ्लायशरचं, पेटंट १९१७चं. काचेवर मागून फिल्मची एकेक फ्रेम पाडायची आणि तिच्यावरून काढायचं. त्याला फसवणूक म्हणणं मला अजिबात मान्य नाही. अडचण दुसरीच आहे: प्रत्येक फ्रेम इमानेइतबारे गिरवली की चित्र पोकळ होतं. माणसाच्या हालचालीत वजन असतं, ते स्नायूंच्या, कापडाच्या बारकाव्यातून कळतं. रेघेत तो बारकावा गळतो आणि वजनही गळतं. म्हणून गिरवण्यातून मुख्य पोझ उचलायच्या, त्या थोड्या ताणायच्या, टेकण्याच्या क्षणी एक-दोन फ्रेम जास्त थांबायचं आणि मधलं स्वतः काढायचं.

निमिष

@अर्धविराम, रोटोस्कोप माझ्या विभागणीत दोन्हीकडे जातं. 'लव्हिंग व्हिन्सेंट'चं (२०१७) उदाहरण घ्या. नटांवर चित्रीकरण, मग सुमारे ६५ हजार फ्रेम तैलरंगात, १२५ चित्रकार. पण फ्रेम ६५ हजार म्हणून कॅनव्हास ६५ हजार नव्हते. एका शॉटची पहिली फ्रेम रंगवायची, फोटो घ्यायचा, तोच कॅनव्हास खरवडून पुढची फ्रेम. शॉट संपला की शेवटची फ्रेम तेवढी उरते. आधार शिल्लक राहणारा, रंग नष्ट होणारा.

वाळूचा_कण

तैलरंगाचा विषय निघालाच आहे तर काचेवरचा रंगही सांगतो. अलेक्सांद्र पेत्रोव्हने 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९९९) काचेवर तैलरंगात, बरंचसं बोटांनी केला. २९ हजारांहून जास्त चित्रं, काचेचे वेगवेगळे थर. तैलरंग का, तर तो दिवसेंदिवस ओला राहतो. गुआश किंवा जलरंग वापरायचा असेल तर त्यात थोडं ग्लिसरीन मिसळा, नाहीतर दिव्याखाली शॉट संपायच्या आत वाळतो. ग्लिसरीन जास्त झालं तर रंग काचेवर थेंब धरून मागे सरतो. पाण्यात मिसळून आधी काचेच्या कोपऱ्यात लावून बघा.

वाळूपेक्षा फायदा म्हणजे रंग आणि चमक. तोटा असा की रंग मिसळत जातात आणि शंभरेक फ्रेमनंतर सगळं तपकिरी व्हायला लागतं. त्यासाठी पार्श्वभूमी खालच्या काचेवर आणि पात्र वरच्या काचेवर करा, मधे पाच-सहा सेंटिमीटर अंतर. पात्राभोवतीची काच पुसली तरी खालचं आकाश तसंच राहतं.

चोवीस_चौकटी

थरांच्या अंतराबद्दल: युरी नोर्श्टेनच्या 'हेजहॉग इन द फॉग'मधलं (१९७५) धुकं म्हणजे पात्रावर ठेवलेला पातळ कागद. तो हळूहळू कॅमेऱ्याकडे उचलला की पात्र धूसर होत नाहीसं होतं. संगणक नाही, डबल एक्स्पोजरची गरज नाही. निमिष, तुमच्या झाडावर पहाटेचं धुकं हवं असेल तर हे जरूर करून बघा.

काळी_रीळ

इतका वेळ वाचत होतो. कॅमेराच नको असेल तर? काळ्या ३५ मिमी फिल्मवर थेट कोरायचं. लेन लायने १९३५मध्ये 'अ कलर बॉक्स' फिल्मवर रंगवला, नॉर्मन मॅकलॅरनने 'ब्लिंकिटी ब्लँक' (१९५५) काळ्या फिल्मवर कोरला. ३५ मिमीला फुटाला १६ फ्रेम, म्हणजे एक सेकंद अठरा इंच. एका फ्रेमला चार भोकं. भोकांवरून फ्रेमच्या रेषा मोजायच्या, कारण काळ्या फिल्मवर त्या दिसत नाहीत. कोरायचं इमल्शनच्या, म्हणजे फिल्मवरच्या थराच्या, बाजूने. ती कुठली हे कळत नसेल तर कडेला ओठ लावा, चिकटेल ती बाजू.

एकामागून एक फ्रेममध्ये आकार हुबेहूब त्याच जागी कोरता येत नाही, रेघ सतत नाचते. मॅकलॅरनने तर त्यावरच चित्रपट उभा केला: बऱ्याच फ्रेम काळ्याच ठेवल्या आणि मधूनच दोन-चार फ्रेमचे आकार. डोळा उरलेलं भरून काढतो. पक्ष्याच्या उड्डाणासाठी हे अप्रतिम. झाडासाठी अगदीच निरुपयोगी, झाड स्थिर उभं राहायला हवं.

रोजचा_वाचक

मग वाळूचा ब्रश असलेलं सॉफ्टवेअर घेऊन संगणकावरच का करू नये? अनडू तरी मिळेल.

बहुभुज

करता येईल, पण दिसेल वेगळं. डिजिटल चित्रात ज्या भागाला तुम्ही हात लावला नाही तो भाग तंतोतंत तसाच राहतो. खऱ्या वाळूत पंख हलवताना शेजारचे चार कण सरकतातच, आणि जिथून पंख गेला तिथे पुसट माग राहतो. तो माग म्हणजेच वाळूची शैली. संगणकावर तो मुद्दाम घालावा लागतो आणि यांत्रिक दिसतो. संगणकावरच करायचं असेल तर वाळूची नक्कल सोडा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या ग्रीस पेन्सिल या रेखाटनाच्या साधनात रेघेचं रूपांतर करा, प्रत्येक चित्र तीनदा काढून आलटूनपालटून दाखवा, रेघ जिवंत राहते. माध्यमाला जे जमतं ते त्याच्याकडून करून घ्यावं.

मृण्मय

बहुभुजना अनुमोदन. आणि अनडू नाही म्हणून घाबरू नका. कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये ओनियन स्किन असतं, आधीची फ्रेम पुसट दिसते. पाच फ्रेम मागे जाऊन वाळू परत रचता येते. तंतोतंत नाही, पण एक धरलेली पोझ मधे असेल तर सांधा कळत नाही.

निमिष

सगळ्यांचे मनापासून आभार. वाळू नक्की करतो. डोळा स्थिर ठेवायची सूचना घेतली, धुक्याचा कागद घेतला. उड्डाण मात्र अडतंय. वन्सवर वाळूत पंख फडफडवणं म्हणजे एका सेकंदाला २४ वेळा सगळा पक्षी पुन्हा रचायचा. शिवाय उडत गेला की मागे धूळ राहणार.

वाळूचा_कण

उड्डाणात पक्षी मोठा दाखवू नका. काचेवर तीन-चार सेंटिमीटरचा असू द्या. फडफडीचं चक्र आठ फ्रेमचं धरा: पंख वर दोन, खाली येताना तीन, तळाशी एक, वर जाताना दोन. खाली येताना पंख पसरलेला, वर जाताना दुमडलेला. हे उलटं झालं तर पक्षी बुडतोय असं वाटतं. तळाशी पंख असताना शरीर किंचित वर उचला.

पक्षी रचण्यासाठी पुठ्ठ्यात पाच आकार कापून स्टेन्सिल करा. स्टेन्सिल ठेवायचं, वाळू भुरभुरायची, अलगद उचलायचं, कडा ब्रशने मोडायच्या म्हणजे छापील दिसत नाही. मागची धूळ पुसू नका, फक्त प्रत्येक फ्रेमला थोडी पातळ करत जा, सहा-सात फ्रेममध्ये विरेल.

आधी तीन सेकंदांची चाचणी करा: पंखाची फांदी होण्याचा एक तुकडा, टूजवर, ३६ क्लिक. क्लिक झाले की लगेच चालवून बघा. फांदी झटक्यात उगवल्यासारखी वाटली तर बदल मधल्या दहा-बारा क्लिकमध्ये दाटला आहे, तो दोन्हीकडे पसरवा. आणि करडी छटा फ्रेमगणिक उसळत असेल तर थर हाताने नको, चाळणीने टाका.

तारकाम

आणि चाचणीच्या आधी टेबल आणि कॅमेरा बांधलाय ना, ते तपासा. रिकाम्या काचेचे दहा फोटो घ्या, मधे टेबलाजवळून चाला, आणि दहाही फोटो चालवून बघा. काचेची कड हलली तर अजून वाळू टाकू नका.